झाकली मूठ आणि ओपन सोर्स

ओपन सोर्समध्ये नव्याने शिरणाऱ्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे, "बाबा रे, आधी सर्च कर." तुझ्याआधी हे कुणी केलंय का ते बघ, मग कोडला हात लाव. सल्ला बरोबर आहे, मीही देतो. पण अलीकडे मला वाटायला लागलंय की तो अर्धाच आहे. सर्च केल्यावर सापडतं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं. जे कुणाच्या तरी लॅपटॉपवर शनिवारी रात्री चालू आहे आणि ज्याबद्दल त्याने कुणालाच काही सांगितलेलं नाही, ते कुठल्या सर्चमध्ये येणार? गंमत म्हणजे हा 'कुणीतरी' बहुतेक वेळा तुमच्यासारखाच नवखा असतो. त्यानेही सर्च केलेलं असतं. त्यालाही काही सापडलेलं नसतं, कारण तुम्हीही तोंड उघडलेलं नसतं.

तर माझं आजचं म्हणणं एवढंच: डुप्लिकेट काम टाळायचं असेल तर शोधण्याइतकंच, किंबहुना जास्तच, सांगणं महत्त्वाचं आहे. आणि नेमकं हेच आपल्याला जड जातं.

आधी एक घोळ मिटवून टाकू. 'डुप्लिकेट' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, तोच बग दुसऱ्यांदा कळवणं. दोन, तोच बग दुसऱ्यांदा सोडवणं. पहिल्याची भीती बाळगायचं फारसं कारण नाही. मोझिलासाठी १९९८ साली बगझिला आलं, त्यात बग बंद करायच्या कारणांमध्ये 'डुप्लिकेट' हे एक रीतसर कारण आहे. तुमचा बग डुप्लिकेट ठरला की तुमचं नाव आपोआप मूळ बगच्या यादीत जातं आणि पुढच्या घडामोडी तुम्हाला कळत राहतात. शिवाय मूळ बगवर नोंद पडते की आणखी एकाला हाच त्रास झाला. एकाने लिहिलेलं असतं, "ॲप्लिकेशन उडतं." दुसरा लिहितो, "फाईलच्या नावात मराठी अक्षरं असली की उडतं." दुसरा रिपोर्ट तांत्रिकदृष्ट्या डुप्लिकेट, पण बग सापडतो तो त्याच्यामुळे!

एरिक रेमंडने 'द कथीड्रल अँड द बझार' या १९९७ सालच्या निबंधात हाच प्रश्न घेतला होता. हजार लोक एकाच वेळी बग शोधायला लागले तर श्रम वाया जाणार नाहीत का? त्याचं उत्तर असं की लिनक्सच्या जगात प्रत्यक्षात हे नुकसान फारसं जाणवत नाही, कारण तिथे लवकर आणि वारंवार रिलीज होतात. कुणी काय सुधारलं ते सगळ्यांना पटकन कळतं. या उत्तरातली अट नीट वाचण्यासारखी आहे. डुप्लिकेट काम स्वस्त पडतं ते बातमी लवकर पोचते म्हणून. जो माणूस आपलं काम महिनाभर घरात ठेवतो त्याला ही सवलत लागू होत नाही.

आता दुसरा प्रकार. आमच्या ऑफिसमधल्या एका ज्युनियर मुलाचं उदाहरण सांगतो. चांगला हुशार, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. एका बऱ्यापैकी मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्याला एक बग सापडला. ट्रॅकरवर तो नोंदलेला होता, कुणाच्या नावावर नव्हता. गडी कामाला लागला. मी एकदा विचारलं, "तिथे टाकलंस का, की तू यावर काम करतोयस म्हणून?" तर म्हणाला, "अरे दादा, आधी पूर्ण तर होऊ दे. अर्धवट काय दाखवायचं? नाही जमलं तर उगाच शोभा." तीन वीकेंड घालवून त्याने टेस्टसकट पॅच तयार केला. पाठवला. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं एका ओळीचं उत्तर आलं की याच कामाची पुल रिक्वेस्ट आठवड्यापूर्वी आली आहे, धन्यवाद. बस. मेंटेनरचं काहीच चुकलं नव्हतं, उत्तर सभ्यच होतं. पण त्यानंतर त्या मुलाने ओपन सोर्सचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही.

माझ्या मते खरा तोटा हा आहे. दोनशे ओळी कोड वाया गेला त्याचं काही नाही, कोड काय, आपण नोकरीत रोज वाया घालवतो :-) पण एक माणूस गेला. आणि असे किती गेले असतील ते कुठल्याच ट्रॅकरमध्ये दिसत नाही, कारण गेलेला माणूस जाताना बग नोंदवून जात नाही.

त्याचं ते "अर्धवट काय दाखवायचं" मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. हे एकट्या त्याचं वाक्य नाही, आपल्या सगळ्या शिक्षणाचं आहे. आठवून बघा. जर्नल पूर्ण झाल्याशिवाय सरांसमोर न्यायचं नाही. प्रोजेक्ट चालत नसेल तर एक्स्टर्नलला कळता कामा नये. परीक्षेत शेजाऱ्याने काय लिहिलंय ते बघणं म्हणजे कॉपी. चार वर्षं, खरं तर सोळा वर्षं, आपण एकच गोष्ट शिकतो: एकट्याने कर, झाकून कर, आणि झालं की दाखव. झाकली मूठ सव्वा लाखाची! परीक्षेत सत्तर जणांनी तेच गणित सोडवलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, प्रत्येकाला आपापले मार्क मिळतात. तिथे डुप्लिकेट काम हाच तर नियम आहे. ओपन सोर्समध्ये तेच गणित दुसऱ्यांदा सोडवलं की मार्क शून्य. खेळ बदलला, पण आपण जुन्याच सवयीने खेळतो.

"पण मी नीट सर्च केलं होतं ना!" असं पुष्कळ जण म्हणतात. केलंही असेल. सर्च फसायची कारणं अनेक आहेत.

एक म्हणजे शब्द. तुम्ही 'हँग होतं' शोधता, बग लिहिणाऱ्याने 'प्रतिसाद देत नाही' लिहिलेलं असतं. मराठी माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाईप होतो. एकदा नुक्तावाला 'ऱ' घेऊन, एकदा साधा 'र', हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर घेऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या सर्चला एक टाकून दुसरा सापडत नाही. बगचंही तसंच. म्हणून लक्षणावरून शोधा, एरर मेसेजवरून शोधा, फंक्शनच्या नावावरूनही शोधा.

दुसरं म्हणजे बंद झालेले बग. ट्रॅकर सुरुवातीला बहुधा फक्त उघडे बग दाखवतो. तुमची आयडिया कदाचित तीन वर्षांपूर्वी कुणीतरी मांडली, त्यावर चर्चा झाली आणि 'हे करणार नाही' म्हणून ती बंद झाली. तो कोड कुणी लिहिलेला नसतो, पण नकार लिहिलेला असतो, आणि तुम्ही तोच नकार दुसऱ्यांदा कमवायला निघालेले असता.

तिसरं म्हणजे चुकीच्या झाडाखाली शोधणं. लिनक्स कर्नलमध्ये नवख्यांची ही ठरलेली अडचण. लिनस टॉरवाल्ड्सची मुख्य रिपॉझिटरी घ्यायची, त्यात चूक शोधायची आणि दुरुस्त करून पाठवायची. पण बदल तिथे थेट जात नाहीत. प्रत्येक सबसिस्टीमच्या मेंटेनरचं आपलं झाड असतं, बदल आधी तिथे गोळा होतात आणि नऊ-दहा आठवड्यांच्या चक्रात मर्ज विंडो उघडली की वर जातात. म्हणजे तुम्हाला दिसणारी चूक कदाचित महिन्यापूर्वीच दुरुस्त झालेली आहे, फक्त तुमच्या झाडावर ती अजून आलेली नाही. पुढच्या रिलीजचं सगळं सामान एकत्र बघता यावं म्हणून २००८ पासून 'लिनक्स-नेक्स्ट' नावाचं वेगळं झाड बांधलं जातं. निदान तिथे तरी बघायला हवं. ड्रायव्हर्सच्या 'स्टेजिंग' विभागात तर एकच स्पेस किंवा टॅब नीट करणारे पॅच वेगवेगळ्या लोकांकडून येत राहतात, कारण सगळे नवखे तोच तपासणारा स्क्रिप्ट चालवतात आणि सगळ्यांना तीच ओळ दिसते.

हे सगळं करूनही शेवटी उरतं ते लोकांच्या डोक्यातलं काम. त्यावर इलाज एकच, तो म्हणजे आधी सांगणं.

डेबियनवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. डेबियनमध्ये एखादं नवं सॉफ्टवेअर पॅकेज करायचं असेल तर काम सुरू करतानाच एक बग नोंदवायचा असतो. त्याला म्हणतात 'आयटीपी', म्हणजे पॅकेज करण्याचा इरादा. कोड नाही, पॅकेज नाही, नुसता इरादा! आणि तो चक्क बग म्हणून, सगळ्यांना दिसेल असा. कुणाला एखादं पॅकेज हवंय पण स्वतः करायचं नाही, त्याने 'आरएफपी' नोंदवायची, म्हणजे विनंती. कुणाला आपलं पॅकेज सांभाळणं जमेनासं झालं तर तेही जाहीर करायचं, की हे आता अनाथ आहे, ज्याला हवं त्याने दत्तक घ्यावं. हे सगळं एका ठिकाणी. मला ही पद्धत भयंकर आवडते, कारण तिच्यात लाज नाही. 'मी हे करणार आहे' आणि 'मला आता हे जमत नाही' ही दोन्ही वाक्यं तिथे सारख्याच साधेपणाने लिहिता येतात.

आपल्याकडे अंगतपंगत असते तेव्हा आपण हेच करतो की. कोण काय आणणार ते आदल्या दिवशी ठरतं. नाहीतर पाच घरांतून बटाट्याची भाजी येते आणि पोळ्या कुणीच आणत नाही. तिथे कुणी असं म्हणत नाही की आधी भाजी नीट होऊ दे, मग सांगतो!

सांगायचं तरी काय? निबंध लिहायची गरज नाही. चार ओळी पुरतात: "हा बग मला अमुक व्हर्जनवर दिसला. कारण बहुधा अमुक फंक्शनमध्ये आहे. पुढच्या रविवारपर्यंत कच्चा पॅच टाकतो. कुणी आधीच करत असेल तर सांगा, मी टेस्टिंगला मदत करतो." यातली दुसरी ओळ सगळ्यात मोलाची. तिच्यावरून मेंटेनरला कळतं की या माणसाने खरंच कोड उघडून बघितलाय. गिटहबवर २०१९ पासून ड्राफ्ट पुल रिक्वेस्टची सोय आहे, म्हणजे 'हे अर्धवट आहे, मर्ज करू नका, पण चालू आहे हे बघा' असं अधिकृतपणे म्हणता येतं. पहिल्या दिवशी पडलेली ती फेल होणारी एक टेस्ट, एवढ्यानेसुद्धा पुढचे तीन वीकेंड वाचू शकतात.

आता याची दुसरी बाजू. सांगणं म्हणजे रुमाल टाकणं नव्हे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि खुशाल चहा प्यायला जायचं, हा प्रकार ओपन सोर्समध्येही जोरात चालतो. गूगल समर ऑफ कोड २००५ मध्ये सुरू झालं, आणि आपल्याकडची मुलं त्यात नेहमीच मोठ्या संख्येने असतात. अर्जांचा मोसम आला की 'नवख्यांसाठी सोपा' असं लेबल लावलेल्या प्रत्येक इश्यूखाली रांग लागते: "सर, मला असाईन करा." त्याखाली दुसरा, "मलाही." त्यातले निम्मे परत फिरकत नाहीत. इश्यू अडकून पडतो, खरोखर करू शकणारा माणूस 'हे कुणाचं तरी आहे' म्हणून निघून जातो. डुप्लिकेट काम टळलं खरं, पण कामच टळलं!

म्हणून रुमालाला मुदत हवी. जँगोच्या नियमांत हे नीट सांगितलेलं आहे. तिकीट कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. असेल तर त्याच्याशी बोला. आणि कित्येक आठवडे किंवा महिने काहीच हालचाल नसेल तर ते स्वतःच्या नावावर घ्यायला बहुधा हरकत नाही. पँडाजमध्ये इश्यूखाली नुसतं 'टेक' लिहिलं की तो तुमच्या नावावर होतो, कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही. काही प्रोजेक्ट उलट म्हणतात की आम्ही कुणालाच असाईन करत नाही, जो चांगला पॅच आणेल त्याचा. प्रत्येक घरची रीत वेगळी. चपला कुठे काढायच्या ते आत शिरताना बघावं, एवढंच.

इथे कुणीतरी म्हणेल की स्पर्धाही चांगलीच असते, दोघांनी वेगवेगळं केलं तर त्यातलं उत्तम निवडता येतं. मान्य. २००७ साली लिनक्सच्या शेड्युलरवर कॉन कोलिव्हास आपल्या पद्धतीने काम करत होता. हा माणूस पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंगो मोल्नारने स्वतःचा सीएफएस हा शेड्युलर पुढे ठेवला, सर्वांना न्याय्य वाटा देण्याच्या कल्पनेचं श्रेय कोलिव्हासला दिलं, आणि कर्नल २.६.२३ मध्ये सीएफएस आला. लिनक्सला त्याचा फायदा झाला, सीएफएस पुढे वर्षानुवर्षं चालला. पण त्याच उन्हाळ्यात कोलिव्हासने कर्नलचं काम सोडलं. त्याच्या सोडण्यामागे इतरही कारणं होती, सगळं या एका गोष्टीवर ढकलणं बरोबर नाही. तरी एवढं दिसतं की स्पर्धेला किंमत असते, आणि तिथे तर दोघांचंही काम उघड्यावर होतं, दोघेही मुरलेले. नवख्या माणसाची नकळत झालेली टक्कर ही स्पर्धासुद्धा नसते. अंधारात दोघे एकमेकांवर आदळले, त्याला शर्यत कसं म्हणणार?

आणि मराठी वाचणाऱ्यांनी तर या डुप्लिकेटपणाची किंमत स्वतःच्या डोळ्यांनी मोजली आहे. एकेकाळी लिनक्सवर देवनागरी अक्षरं जोडण्याचं काम ग्नोमचं पँगो वेगळं करायचं, क्यूटी वेगळं करायचं, आणि ओपनऑफिस ज्यावर चालायचं ते आयसीयू तिसऱ्याच पद्धतीने करायचं. तोच फॉन्ट, तोच शब्द, पण जोडाक्षर एका ठिकाणी नीट आणि दुसऱ्या ठिकाणी फुटलेलं. एकीकडे दुरुस्त झालं तरी दुसरीकडे तसंच राहायचं. २००६ मध्ये पँगो आणि क्यूटीमधला ओपनटाईपचा कोड हार्फबझ या नावाखाली एकत्र आला. पुढे बेहदाद एस्फाहबोदने तो नव्याने लिहून काढला आणि एकेक प्रोजेक्ट त्यावर आलं. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सगळे हार्फबझ वापरतात. एका ठिकाणी जोडाक्षर नीट केलं की सगळीकडे पोचायची वाट मोकळी होते. तिथेही सुरुवात कुणीतरी कुणालातरी 'तुम्हीही हेच करताय का?' असं विचारण्यातूनच होणार, दुसरी कशातून होणार?

आताच्या दिवसांत तर हे विचारणं जास्तच गरजेचं झालंय. एआयला सांगितलं की पाच मिनिटांत पॅच तयार. त्यामुळे एकाच सोप्या इश्यूवर चार जणांचे चार पॅच एका दुपारी येऊ शकतात. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं नाही झालं. मेंटेनर तोच, त्याचा रविवारही तेवढाच. पूर्वी तुमचं डुप्लिकेट काम मुख्यतः तुमचा वेळ खायचं, आता ते मुख्यतः त्याचा वेळ खातं.

एवढं सगळं करूनही कधीतरी टक्कर होणारच. तेव्हा काय करायचं? माझा सल्ला: आपला पॅच स्वतः बंद करा आणि दुसऱ्याचा उघडा. त्या बगबद्दल तुम्हाला आता जगात बहुधा दुसऱ्या क्रमांकाची माहिती आहे. त्याने जी केस धरली नाही ती तुम्हाला दिसेल. तुमच्या टेस्ट त्याच्या पॅचवर चालवून बघा, फेल झाल्या तर त्याला द्या. चांगला रिव्ह्यू करणारे लोक पॅच लिहिणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असतात, आणि मेंटेनर ते लक्षात ठेवतात. आमच्या त्या ज्युनियरला त्या दिवशी एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, की 'तुझ्या टेस्ट त्या पुल रिक्वेस्टमध्ये टाकशील का?', तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. मेंटेनर मंडळींनाही म्हणून एक विनंती. 'डुप्लिकेट' लिहून बग बंद करताना त्यापुढे एक ओळ जास्त लिहा. बंद तो बग होतोय, माणूस नाही.

बाकी नवख्यांनो, सर्च तर कराच. मनापासून करा, बंद बगांतही करा. पण ते झालं की कोड उघडण्याआधी त्या चार ओळी लिहा. कुणी हसणार नाही. हसलंच तर तीन वीकेंड वाचले म्हणायचं आणि दुसरं प्रोजेक्ट बघायचं, प्रोजेक्टांना काय तोटा आहे!